पिलाची मुदत

१८३३ च्या नोव्हेंबरमध्ये चार्ल्स डार्विन आजच्या उरुग्वेच्या माळरानावर घोड्यावरून हिंडत होता. वय चोवीस. तिथे ठिकठिकाणी त्याला एकच देखावा दिसला. मेंढरांचा मोठा कळप चरतोय, आसपास कित्येक मैल ना घर ना माणूस, आणि राखणीला फक्त एक-दोन कुत्री. कळपाशी कुत्र्याची एवढी गट्टी जमते कशी, हे त्यानं तिथल्या लोकांना खोदून विचारलं आणि आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं.

रीत अशी होती. पिलू फार लहान असतानाच आईपासून तोडायचं. एक मेंढी धरून ठेवायची आणि दिवसातून तीन-चार वेळा पिलाला तिच्या आचळाला लावायचं. निजायला मेंढवाड्यातच लोकरीचं अंथरूण. दुसऱ्या कुत्र्यांशी गाठ पडू द्यायची नाही, घरातल्या मुलांशी खेळू द्यायचं नाही. पुढे बहुतेक वेळा खच्चीकरण. असं वाढलेलं कुत्रं कळप सोडून जायचं नावच काढत नसे. दिवसातून एकदा मांसाचा तुकडा घ्यायला ते मालकाच्या घरी येई आणि तुकडा तोंडात पडताच शरमल्यासारखं पळत सुटे, कारण घरची कुत्री त्याच्या अंगावर धावून जात. कळपापाशी पोचलं की मात्र तेच वळून उभं राही, भुंकू लागे, आणि पाठलागावर आलेली टोळी शेपूट घालून माघारी फिरे.

शाळेत मी बरीच वर्षं इतिहास शिकवला. आता रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पिलांचा वर्ग घेते. वर्ग कसला, दहा-बारा पिलं, त्यांचे घाबरलेले पालक, एक जुनी छत्री, एक स्टीलचं ताट आणि चणे-फुटाण्यांसारखे खाऊचे तुकडे. छत्री उघडायची, ताट पाडायचं, खाऊ द्यायचा. पिलाची भीड चेपावी एवढाच हेतू. डार्विनची ही हकीकत मी पहिल्याच दिवशी सांगते आणि कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, आमचा लॅब्रेडॉर आहे हो. मेंढी कुठून आणायची?"

मेंढी नको. पण दूधवाला, लिफ्टमन, काठी टेकत येणारे आजोबा, हेल्मेट घातलेला कुरिअरवाला, बुरखा घातलेली शेजारीण आणि रांगणारं बाळ हे सगळे हवेत, आणि लवकर हवेत. ते का, आणि 'लवकर' म्हणजे नक्की केव्हापर्यंत, हे माणसाला कळायला डार्विननंतर सव्वाशे वर्षं लागली.

मेंढपाळांना मात्र ते आधीपासून ठाऊक होतं. त्यासाठी उरुग्वेला जायची गरज नाही. माझं माहेर भोर तालुक्यातलं. दिवाळीच्या आगेमागे फलटण-माणकडचे धनगर कोकणात उतरायला निघत आणि वाटेत आमच्या रानात मेंढरं बसवत. रानाला लेंडीखत मिळे, त्यांना धान्य मिळे. घोड्यांवर सगळं बिऱ्हाड लादलेलं असे आणि त्या लादण्यातच नवी जन्मलेली कोकरं, कोंबड्या आणि कुत्र्याची पिलं खोचलेली असत. तळ पडला की वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून कोकरं आत कोंडत, पिलंही त्यांच्यातच. मी एकदा एक पिलू उचलायला गेले तर वाड्यातल्या म्हातारीनं हटकलं. "नगं हात लावूस, पोरी. त्याला तुझा लळा लागला तर मेंढरामागं कोण जाईल?" तिनं डार्विन वाचला नव्हता आणि डार्विनला ती भेटली नव्हती. दोन खंडांत दोन मेंढपाळ एकाच निष्कर्षाला आले होते, कारण दोघांचंही पोट त्या निष्कर्षावर होतं. शिक्षण देऊन कुत्रं मेंढरांचं होत नाही. ते वयाच्या एका टप्प्यात त्यांच्यात राहिल्यानं होतं. पिलाचे पहिले सोबती कोण, यावरून ते जन्मभर कोणाला आपलं मानणार हे ठरतं.

शहरातली, शिकलेली, कुत्र्यांची आवड असलेली माणसं मात्र उलट्या समजुतीत होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोलिसांची आणि सैन्याची कुत्री शिकवणाऱ्यांचा एक ठोकताळा असा की सहा महिन्यांच्या आत कुत्र्याला हात लावू नये. त्यात तथ्य एवढंच होतं की तेव्हाची शिकवण गळपट्ट्याला हिसके देण्याची होती आणि ते हिसके कोवळ्या मानेला सोसणारे नव्हते. शिकवणी सहाव्या महिन्यात सुरू होणार, तोवर पिलू कुठेतरी खुराड्यात वाढतंय, वाढू दे, असा हिशोब. शिकवणं आणि जगाची ओळख करून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आजही सगळ्यांच्या येतं असं नाही. "आधी 'सिट' शिकवा ना," असा आग्रह धरणारे पालक मला दर रविवारी भेटतात.

ही समजूत मोडली ती आंधळ्या माणसांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांमुळे. त्या कामात खुराड्यात वाढलेलं कुत्रं चालत नाही. बसचा ब्रेक कर्कश वाजला म्हणून कुत्रं दचकून बाजूला झालं तर त्याचा पट्टा धरणारा माणूस चाकाखाली जाईल.

अशी कुत्री शिकवण्याचं काम पहिल्या महायुद्धात जर्मनीत सुरू झालं. युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली ओल्डेनबुर्गला पहिली शाळा निघाली. डोरोथी युस्टिस नावाची एक श्रीमंत अमेरिकन बाई तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये मोंट पेलराँ इथे जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास करत होती. तिनं जर्मनीतलं हे काम पाहिलं आणि १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'मध्ये त्यावर लेख लिहिला. टेनेसीतल्या नॅशव्हिलचा मॉरिस फ्रँक हा आंधळा तरुण. त्याला तो लेख वाचून दाखवला गेला. त्यानं तिला पत्र लिहिलं, १९२८ साली तो स्वित्झर्लंडला गेला आणि 'बडी' नावाची कुत्री घेऊन परतला. पुढच्या वर्षी 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली आणि १९३१ मध्ये ती न्यू जर्सीत गेली.

याच संस्थेनं १९४२ मध्ये एक साधी गोष्ट केली, आणि मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सगळ्यात शहाणा निर्णय तो. पिलं संस्थेत न वाढवता आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुलांकडे द्यायची. अमेरिकेत 'फोर-एच' नावाची ग्रामीण मुलांची चळवळ आहे. मुलं वासरं, डुकरं, कोंबड्या वाढवतात आणि जत्रेत दाखवतात. त्या मुलांना वासराऐवजी शेफर्डचं पिलू. वर्षभर पिलू त्यांच्या स्वयंपाकघरात लोळायचं, गाडीत बसून गावात जायचं, ट्रॅक्टर आणि बँड ऐकायचं. मग ते परत द्यायचं. मुलांना रडू कोसळत असणारच. ब्रिटनमध्ये हीच रीत १९५६ साली 'पपी वॉकिंग' या नावानं सुरू झाली.

पिलं घरात वाढवली की ती पुढे कामाला येतात हे दिसत होतं. का, हे आकड्यांत दाखवायचं काम मात्र तिकडे दुसऱ्या किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियात झालं. तिथे १९४२ साली 'गाइड डॉग्ज फॉर द ब्लाइंड' ही संस्था सुरू झाली होती. क्लॅरेन्स फाफेनबर्गर नावाचे गृहस्थ तिथे स्वयंसेवक म्हणून आले. हे शास्त्रज्ञ नव्हेत. युद्धाच्या काळात सैन्यासाठी लोकांकडची कुत्री गोळा करून पारखण्याच्या कामात होते. १९४६ च्या सुमाराला संस्थेपुढचं चित्र असं होतं की शिकवायला घेतलेल्या शंभर कुत्र्यांतली जेमतेम नऊ शेवटपर्यंत टिकत. उरलेली एक्याण्णव बुजरी, दचकणारी, ऐन वेळी हातपाय गाळणारी. प्रत्येकावर महिनोन् महिने खर्च झालेला. अशा हिशोबावर कुठलीही धर्मादाय संस्था फार दिवस चालत नाही. फाफेनबर्गरनी मदतीसाठी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मेन राज्यातल्या बार हार्बरकडे धाव घेतली.

बार हार्बरला जॅक्सन प्रयोगशाळा आहे. उंदरांसाठी जगप्रसिद्ध. १९४५ मध्ये तिथे जॉन पॉल स्कॉट आले आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर त्यांनी कुत्र्यांच्या स्वभावाचा अभ्यास मांडला. मूळ प्रश्न होता, स्वभाव रक्तातून किती येतो आणि संगोपनातून किती. त्यासाठी पाच जातींची कुत्री निवडली: बसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनिअल, शेटलंड शीपडॉग आणि वायरहेअर्ड फॉक्स टेरियर. बसेंजी आणि कॉकर यांचा संकरही केला, कारण एक अतिशय बुजरं आणि दुसरं गळेपडू. १९४७ मध्ये जॉन फुलर त्यांना येऊन मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार हार्बरला मोठा वणवा लागला आणि प्रयोगशाळेची मुख्य इमारत उंदरांसकट जळाली. कुत्र्यांचं काम मात्र पुढे चालू राहिलं. इतक्या वर्षांच्या कामाचा ग्रंथ १९६५ मध्ये निघाला.

कुत्र्यांकडे वळण्याआधी स्कॉट इंडियानातल्या एका कॉलेजात शिकवत होते आणि त्यांच्याकडे थोड्या मेंढ्या होत्या. (पुन्हा मेंढ्याच. या इतिहासात मेंढी कुठूनही डोकं वर काढते.) त्यांनी एक कोकरू जन्मल्या जन्मल्या आईपासून घेतलं आणि पहिले दहा दिवस बाटलीवर वाढवलं. मग कळपात सोडलं. ते कळपात मिसळलंच नाही. मोठं झालं, वर्षं लोटली, तरी बाकीची चरत एकीकडे जात आणि हे एकटं दुसरीकडे. दहा दिवसांच्या त्या फरकानं स्कॉट यांच्या डोक्यात मुदतीचा विचार रुजला. पक्ष्यांच्या पिलांबद्दल कोनराड लोरेंझ यांनी १९३५ मध्ये असंच काही लिहिलं होतं, पण तिथे सगळा खेळ तासांचा होता. सस्तन प्राण्यात ही मुदत असेल का, आणि असली तर किती?

बार हार्बरच्या नोंदवह्यांत पिलाचं पहिलं आयुष्य दिवसादिवसानं मांडलेलं आहे. पहिले दोन आठवडे पिलू पितं आणि झोपतं. साधारण तेराव्या दिवशी डोळे उघडतात. विसाव्या दिवसाच्या आसपास ते मोठ्या आवाजाला पहिल्यांदा दचकतं. तिथून, म्हणजे तिसऱ्या आठवड्यापासून, जगाशी ओळख करून घ्यायचा काळ चालू होतो. समोर येईल त्याच्याकडे शेपूट हलवत जायचं, हुंगायचं, चावून बघायचं. आणि मग हळूहळू, पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून, भीती शिरू लागते. नवं दिसलं की पाऊल मागे. उत्सुकता उतरत्या बाजूला आणि भीती चढत्या बाजूला. साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत भीतीचं पारडं जड होतं. स्कॉट आणि फुलर यांनी तीन ते बारा आठवडे हा पिलाच्या समाजात मिसळण्याचा काळ ठरवला तो यावरून. नंतरच्या अभ्यासकांनी त्याचं टोक चौदाव्या आठवड्यापर्यंत ओढलं. 

आता फाफेनबर्गरकडे. स्कॉट यांच्या सल्ल्यानं त्यांनी पिलांच्या चाचण्या सुरू केल्या. आठव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत दर आठवड्याला पिलू बाहेर आणायचं. चेंडू टाकला तर आणतं का, अंगावर गाडा येताना दिसला तर काय करतं, अनोळखी जागी बुजतं का, हे टिपून ठेवायचं. बऱ्याचशा नोंदी स्वयंसेवक बायकांनी केल्या. चाचण्यांतून निवडलेली पिलं फोर-एचच्या मुलांकडे जात. यशाचं प्रमाण चढत गेलं. १९५८ पर्यंत शिकवायला घेतलेल्या शंभरांतली नव्वद कुत्री टिकू लागली होती.

पण मला या कहाणीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो उरलेल्या अपयशांचा. उत्तम आईबापांची, सगळ्या चाचण्या पार केलेली काही पिलं पुढे नापास होत होती. फाफेनबर्गर आणि स्कॉट यांनी जुन्या नोंदी काढल्या आणि त्यांना एक फरक सापडला. चाचण्या बाराव्या आठवड्यात संपत. त्यानंतर पिलू लगेच घरी जाई असं नाही. कुठे कुटुंब तयार नसे, कुठे गाडी नसे. तोवर ते खुराड्यात थांबे. खाणं चांगलं, जागा स्वच्छ, नोकर मायाळू. जी पिलं आठवड्याभरात घरी गेली त्यांतली नव्वद टक्के पुढे वाटाडी झाली. जी तीन आठवड्यांहून जास्त थांबली त्यांतली तीस टक्के. मधल्यांचे आकडे मधले. १९५९ मध्ये हा निबंध छापून आला.

या पिलांचं रक्त तेच होतं, अन्न तेच होतं, आधीच्या पाच आठवड्यांचं कोडकौतुकही तेच. कोणी त्यांना मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. त्यांनी फक्त वाट पाहिली. "पुढच्या महिन्यात सुट्टी आहे, तेव्हा नीट लक्ष देऊ" असं म्हणणाऱ्या प्रत्येक पालकाला मी हे दोन आकडे फळ्यावर लिहून दाखवते. तेराव्या आठवड्यात पिलू दार ठोठावत नाही. ते शहाणं होऊन कोपऱ्यात बसतं, आणि लोक कौतुकानं म्हणतात, किती शांत आहे!

दुसरा पुरावा अधिक कठोर आहे. डॅनियल फ्रीडमन, जॉन किंग आणि ऑरव्हिल इलियट या तिघांनी बार हार्बरला कॉकर आणि बीगल पिलांना उंच फळ्यांच्या कुंपणाआड, एकरभर मोकळ्या मैदानात आईबरोबर वाढवलं. खाणंपिणं कुंपणाच्या फटीतून, माणूस दिसायचा नाही. मग काही पिलं दुसऱ्या आठवड्यात, काही तिसऱ्या, काही पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात बाहेर काढून एक आठवडा माणसात ठेवली आणि परत आत सोडली. काही पिलांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस दाखवलाच नाही. १९६१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात निष्कर्ष आला. वय वाढत गेलं तसा माणसाला पाहून बुजणं वाढत गेलं. सातव्या आठवड्याच्या सुमारास माणसाळलेली पिलं सगळ्यांत सरस निघाली. आणि चौदा आठवडे माणसाशिवाय वाढलेली पिलं रानटी जनावरांसारखी वागली. त्यांतल्या एकाला नंतर तीन महिने गोंजारून पाहिलं, तरी त्यानं फारशी दाद दिली नाही. कॉकर स्पॅनिअल, ज्याला येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मांडीवर चढायचं असतं, ते कॉकर!

याच सुमारास मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात स्कॉटिश टेरियर पिलांना दूध सुटल्यापासून बंद पिंजऱ्यात एकेकटी ठेवून वाढवलं गेलं. मोठी झाल्यावर त्यांच्यासमोर पेटती काडी धरली. साधं कुत्रं एकदा नाक पोळलं की लांब पळतं. ही पुन्हा पुन्हा ज्योतीत नाक घालत राहिली. दुखतंय पण काय दुखतंय, कशामुळे, हे जुळवायचं त्यांना कधी शिकायलाच मिळालं नव्हतं.

असले प्रयोग आज कुठली नीती समिती मंजूर करणार नाही आणि करू नयेत. मी वर्गात मॅकगिलची गोष्ट सांगत नाही, मुलं असतात. पण त्या पिलांनी जे सोसलं त्यातून आलेलं ज्ञान वापरायचं नाही, हे मला त्याहून वाईट वाटतं. कारण ते वापरलं गेलं नाही, निदान घरोघरी तरी नाही, पुढची वीसेक वर्षं.

आणि मग आड आला एक विषाणू. १९७८ मध्ये कुत्र्यांमध्ये पार्व्हो हा नवाच रोग उसळला. मांजरांत होणाऱ्या एका रोगाच्या विषाणूचा हा जवळचा नातलग. दोनेक वर्षांत तो जगभर पसरला आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातही आला. उलट्या, रक्ताची हगवण, आणि उपचार न मिळाल्यास पिलू काही दिवसांत गेलं. कुत्र्यांची लस तयार होईपर्यंत डॉक्टरांनी मांजरांची लस टोचून वेळ निभावली. पुढे लस आली, पण तिच्यात एक पेच होता. आईच्या दुधातून मिळालेली रोगाशी लढायची ताकद पिलाच्या अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ती ताकद कुठल्या पिलात कधी उतरेल हे सांगता येत नाही. म्हणून सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर काही आठवड्यांनी मात्रा द्यायची. विषाणू चिवट, मातीत महिनोन् महिने तग धरतो. मग सल्ला आला तो स्वाभाविक होता. सोळा आठवडे पिलू घराबाहेर काढू नका.

सल्ला देणाऱ्यांनी डोळ्यांदेखत पिलं मरताना पाहिली होती. तेव्हा तो बरोबरच होता. पण हिशोब मांडून पाहा. मुदत बारा-चौदा आठवड्यांची आणि टाळेबंदी सोळा आठवड्यांची. पार्व्होतून वाचलेली एक अख्खी पिढी बाल्कनीच्या गजाआडून रस्ता पाहत वाढली, आणि पाचव्या महिन्यात पहिल्यांदा खाली उतरल्यावर रिक्षा बघून थरथरली. मग ती भुंकू लागली, गुरगुरू लागली, एखादी चावली. चावणारं कुत्रं शहरात फार दिवस राहत नाही. कोणी गावच्या शेतावर नेऊन सोडतं, कोणी नुसतंच सोडतं.

हा पेच सोडवायला निघालेल्यांत इयन डनबार यांचं नाव आधी घ्यावं लागतं. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजात शिकलेले हे पशुवैद्य कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत जाऊन कुत्र्यांच्या वागणुकीचे अभ्यासक झाले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी तिथे 'सिरियस' नावानं पिलांसाठी वर्ग सुरू केले. सहा महिने थांबायचं नाही, पट्ट्याला हिसका नाही. पिलं मोकळी सोडायची, एकमेकांशी आणि परक्या माणसांशी खेळू द्यायची. आज जगभर जे पिलांचे वर्ग चालतात, माझ्या पार्किंगमधला धरून, ते सगळे त्याच घराण्यातले.

त्याच काळात मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजात रेमंड कॉपिंजर युरोप आणि तुर्कस्तानातून राखणदार कुत्र्यांची पिलं आणून अमेरिकन शेतकऱ्यांच्या मेंढ्यांत वाढवत होते. त्यांचंही निरीक्षण तेच: चौथ्या महिन्याच्या आत मेंढ्यांत गेलं नाही तर ते पिलू राखणीच्या कामाचं नाही. भोरच्या रानातली म्हातारी बरोबर होती, यावर आता विद्यापीठाचा शिक्का बसला.

पशुवैद्यांच्या बाजूनं स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलं ते २००८ मध्ये. प्राण्यांच्या वागणुकीवर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संस्थेनं भूमिका जाहीर केली की पिलाला सात-आठ आठवड्यांपासून वर्गात आणायला हरकत नाही. पहिली लस होऊन किमान सात दिवस झालेले असावेत आणि वर्गाची जागा स्वच्छ असावी. तीन वर्षांखालच्या कुत्र्यांच्या मृत्यूचं पहिलं कारण संसर्गरोग नसून वागणुकीतले बिघाड आहे, असंही त्या निवेदनात होतं. म्हणजे ज्या जीवासाठी पिलाला घरात कोंडलं, तो जीव कोंडल्यानंच अधिक जात होता.

आपल्याकडे हे अजून पुरतं पोचलेलं नाही, आणि आपली परिस्थितीही तिकडच्यापेक्षा वेगळी आहे. आपल्या रस्त्यावर लस न झालेली कुत्री असतात, म्हणून इथे पार्व्होचा धोका खरा आहे. तेव्हा मी मधला रस्ता सांगते: पाय जमिनीला लावायचे नाहीत, पण डोळे, कान आणि नाक घराबाहेर काढायचं. कडेवर घ्या. झोळीत घ्या. मंडईच्या तोंडाशी उभे राहा, एसटी स्टँडच्या बाहेर दहा मिनिटं बसा. लस झालेलं, निरोगी, शांत कुत्रं ओळखीचं असेल तर त्याच्या घरी पाहुणे म्हणून जा. कुकरची शिट्टी आणि मिक्सर घरातच आहेत. ढोल-ताशाचा सराव आमच्याकडे गणपतीच्या आधी बरेच दिवस चालतो. आधी दोन गल्ल्या दूर उभं राहायचं, पिलू निवांत खाऊ खात असेल तर पुढच्या वेळी एक गल्ली जवळ. खाऊ घ्यायचं थांबलं की आपणही थांबायचं आणि मागे फिरायचं. ओढत पुढे न्यायचं नाही. मंडईच्या भर गर्दीत नेऊन दहा जणांच्या हातांत फिरवलेलं पिलू माणसाळत नाही, धास्तावतं. संध्याकाळी परत आल्यावर ते शांत झोपलं तर तेवढं बाहेर राहणं पुरेसं होतं असं समजा.

आणि एक गंमत सांगते, वर्गात कोणाला आवडत नाही ती. गल्लीत जन्मलेल्या पिलाला यातलं बरंचसं फुकट मिळतं. रिक्षाच्या खाली जन्म, चहाच्या टपरीपाशी बालपण, शाळेची मुलं, भंगारवाला, बँड, मिरवणूक. त्यातली कितीतरी रोगानं आणि चाकाखाली मरतात, हे विसरून मी त्या बालपणाचं कौतुक करणार नाही. पण वयाच्या आठव्या आठवड्यात घरी आलेलं गल्लीतलं पिलू आणि त्याच वयात पिंजऱ्यातून आलेलं महागडं पिलू माझ्या पार्किंगमध्ये शेजारी बसतात, तेव्हा छत्री उघडल्यावर कोण कोणाच्या मागे लपतं हे पाहण्यासारखं असतं.

महागड्या पिलाचा दोष नाही. भारतात २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिलू विकता येत नाही. आईपासून लवकर तोडू नये म्हणून तो नियम योग्यच आहे. पण तीन ते बारा या नऊ आठवड्यांतले पहिले पाच मग विकणाऱ्याच्या हातात जातात. तो ते कसे वापरतो, हे कुठल्या कागदावर लिहून मिळत नाही. कागदावर मिळते ती वंशावळ.

तेव्हा पिलू घ्यायला गेलात तर वंशावळीआधी ते कुठे वाढलं हे दाखवायला सांगा. घरात, माणसांच्या पायांत, भांड्यांच्या आवाजात वाढलं असेल तर घ्या. मागच्या शेडमध्ये वाढलं असेल तर किंमत कितीही उतरवली तरी दुसरीकडे बघा. आणि घरी आणल्यानंतरची पहिली सुट्टी त्याच आठवड्यात काढा, पुढच्या महिन्यात नको.